संगणकाच्या गव्हाणीत काय पडते?



मागे एका हंगामाच्या तोंडावरची गोष्ट. आमचे बिऱ्हाड जुळे सोलापुरात आहे. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून येथे राहिलेली सभासदांची कुटुंबेही या भागात बरीच. त्यांपैकीच एक सभासद रविवारी सकाळी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन घरी आले. मुलीने ऊस नोंदीची पावती आमच्यापुढे ठेवली. लागण १० जुलैची, म्हणजे आडसाली. पावतीवर मात्र ७ ऑक्टोबर, पूर्वहंगामी !

"अण्णा म्हणतात, संगणकातनं आलंय म्हणजे बरोबरच असणार," मुलगी म्हणाली.

बरोबर नव्हते. चिटबॉयने वहीत १०/७ असे लिहिले होते. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. खात्यातील त्या संगणकावर अमेरिकन पद्धत तशीच राहून गेली होती. तीत आधी महिना, मग दिवस. यंत्राने दहावा महिना, सातवी तारीख असे वाचले. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो. त्या उसाची पाळी जवळजवळ तीन महिने मागे गेली असती. तुरा येऊन, पोकळ पडून वजन घटले असते ते वेगळेच. चूक आमच्या खात्याची होती. ती दुरुस्त केली, आणि ज्या नोंदींचा दिवस १ ते १२ मधला होता त्या सगळ्या पुन्हा तपासल्या. तेरावा महिना नसतो, म्हणून त्यापुढच्या तारखांना यंत्र स्वतःच अडते.

तेव्हा आम्हास वाटले, संगणकाचे चार शब्द प्रत्येक सभासदास ठाऊक असावेत. कारखाना ज्याने पाहिला आहे त्याला ते अवघड नाहीत.

इनपुट, प्रोसेस, आउटपुट : गव्हाणीत मोळी पडते ते इनपुट. गाळप होते ती प्रोसेस. पोत्यात साखर भरते ते आउटपुट. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन हे इनपुट. वजाबाकी ही प्रोसेस. पावतीवरचे निव्वळ वजन हे आउटपुट. गव्हाणीत पाचट गेले तर पोत्यात साखर येत नाही. संगणकाचेही तसेच. सभासद क्रमांक चुकला तर वजाबाकी अचूक होईल, पण टनेज दुसऱ्याच्या खात्यावर पडेल.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर : हाताला लागते ते हार्डवेअर : पडदा, कळफलक, छपाईयंत्र. त्याने काय करावे याच्या लिहून ठेवलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. नुसती मिल उभी करून गाळप होत नाही. कोणती झडप केव्हा उघडायची हे सांगणारा लागतो, तसेच हे.

रॅम आणि हार्ड डिस्क : कारकुनाच्या टेबलावर पसरलेले कागद म्हणजे रॅम, कपाटातील फायली म्हणजे हार्ड डिस्क. वीज गेली की टेबल साफ ! म्हणून काम कपाटात ठेवावे लागते; त्यास 'सेव्ह' करणे म्हणतात. तीच फाईल दुसऱ्या ठिकाणीही ठेवली की झाला 'बॅकअप'.

बाइट : माहिती मोजण्याचे माप. आठ बिटांचा एक बाइट. आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या देवनागरी 'ऊ'ला तीन. म्हणजे 'ऊस' हा शब्द सहा बाइटांचा.

पासवर्ड आणि ओटीपी : पासवर्ड ही तिजोरीची किल्ली, ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली. ऊस बिल बँकेत जमा होण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही. फोनवर कोणी मागितला, अगदी कारखान्याचे नाव सांगून मागितला, तरी देऊ नये.

ही विद्या आपल्या सहकाराला नवी नाही. १९९८ साली वारणानगर येथे सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस नोंद, तोडणी, वजन यांची माहिती सभासदाला गावातच मिळावी हा हेतू. पुढे २००७ पर्यंत तेथीलच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहण्यात आली. धडा सरळ आहे : यंत्र मोठे की लहान याला महत्त्व नाही, माहिती उत्पादकाच्या हातात पडली पाहिजे. आज ती आपल्या खिशातील फोनवर येते. तो फोनही संगणकच.

तरी सभासदांनी एवढे करावे. नोंदीची पावती किंवा संदेश आला की सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख ही पाच कलमे वाचून पाहावीत. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराबाळांकडून वाचून घ्यावीत. फरक दिसल्यास लागलीच गट कार्यालयात कळवावे. तोडणी सुरू झाल्यावर हाती फार थोडे उरते.

परवा ते सभासद काट्यावर भेटले. हसून म्हणाले, "साहेब, आता पावती मी सोता वाचतो, मग पोरीला दाखवतो."

असेच सर्वांनी करावे, ही विनंती.