मातीचे देणे

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्या तीरावर अष्टमी. भाद्रपदात दोन्ही तीरांवरील घरांतले गणपती या नदीत विसर्जित होतात. विसर्जनानंतर काठावरची मूठभर माती वा वाळू पाटावर घेऊन घरी परतण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. देव गेला तरी पाट रिकामा येत नाही. त्या मुठीत पुढील वर्षीच्या आगमनाचे आश्वासन असते.

जाणारा आणि परतणारा देव ही कल्पना केवळ आपली नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये ओसायरिसच्या आकाराच्या साच्यात माती आणि धान्याचे बी भरून त्यास पाणी घालीत. बी अंकुरले की मृत देवाला नवजीवन लाभले, असे मानीत. अथेन्समधील स्त्रिया अडोनिसच्या नावाने खापरांत झटपट उगवणारी रोपे लावीत आणि ती कोमेजली की पाण्यात सोडीत. आपल्या घटस्थापनेतील मातीत नऊ दिवस वाढणारे धान्य या प्रथांपासून फार दूरचे वाटत नाही.

जेम्स फ्रेझर याने १८९० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात अशा देवतांना एका सूत्रात ओवले. तथापि जोनाथन स्मिथ या अभ्यासकाने १९८७ साली त्या सूत्रावरच आक्षेप घेतला. यांतील कित्येक देव मरतात, पण उठत नाहीत. काही केवळ अंतर्धान पावतात, असे त्याचे प्रतिपादन होते. ख्रिस्ताचे बलिदान व पुनरुत्थान श्रद्धावंतांच्या दृष्टीने एकदाच घडलेले आहे, ते ऋतुचक्र नव्हे. गणपतीच्या बाबतीत तर मृत्यूची भाषाच अप्रस्तुत ठरते. उत्तरपूजेनंतर मूर्तीतील देवत्व निरोप घेते आणि उरते ती माती. येथे शोक नाही. लवकर परतण्याचे निमंत्रण आहे.

भेद मान्य करूनही एक साम्य उरते. परत यायचे तर आधी रूप सोडावे लागते. पुरुषसूक्तातील पुरुषाचे रूप देवांनी केलेल्या यज्ञात विसर्जित होते, तेव्हाच त्यातून सृष्टी साकारते. त्यागाचा अर्थ केवळ गमावणे नव्हे. घेतलेले मूळ ठिकाणी पोचविणे हाही आहे.

पेण, हमरापूर, जोहे येथील मूर्तिव्यवसाय याच नियमावर उभा आहे. मूर्ती टिकाऊ असती तर दरवर्षी नवी मागणी कोठून आली असती? परंतु प्लास्टर ऑफ पॅरिसने हा हिशेब विस्कटला. ते हलके व स्वस्त, साच्यातून लवकर निघणारे. कारागिराला ते सोयीचे वाटले यात नवल नाही. मात्र शाडूप्रमाणे ते पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वांद्वारे अशा मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. त्यांचे विसर्जन कोठे करावे, हा प्रश्न मात्र त्याने मिटला नाही.

हा वाद केवळ नदीच्या प्रदूषणाचा वा कारागिरांच्या पोटाचा नाही, जरी ती दोन्ही कारणे पुरेशी गंभीर आहेत. शाडूकडे वळण्याचा वाढीव खर्च एकट्या कारागिराच्या माथी मारून सुटका होणार नाही. चार पैसे अधिक मोजण्याची तयारी भक्तानेही ठेवली पाहिजे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काठावर भग्नावस्थेत पडून राहिलेली मूर्ती धड गेलेली नसते. आणि जो गेलाच नाही, त्याला पुढल्या वर्षी या म्हणण्यास अर्थ तो काय?