समुद्रावरील टेहळणीचें विमान : १० डिसेंबर १९७१ ची एक हानि

बोरिवलीनजीक एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचीं दृश्यें कोरलेलीं आहेत, हें उत्तर कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांस विदित आहेच. भूमीवरील रणांगण कांहींतरी अवशेष मागें ठेवतें. समुद्र बहुधा कांहींच ठेवीत नाहीं. म्हणून तेथें पडलेल्या वीराची आठवण किनाऱ्यावर मुद्दाम कोरून वा लिहून ठेवावी लागते. १९७१ च्या युद्धांतील अशाच एका हानीची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करूं. जें पाण्यावरच उतरतें व पाण्यावरूनच उडतें तें जलविमान. जें जहाजावरून किंवा किनाऱ्यावरील धावपट्टीवरून उडून समुद्रावर काम करतें तें नाविक विमान. दोहोंची घडण भिन्न. परंतु टेहळणी हें त्यांचें कर्म समान, व त्यांतील संकटहि समानच. ४ एप्रिल १९४२ रोजीं सिंहलद्वीपाच्या दक्षिणेस बर्चल या कॅनेडियन वैमानिकाच्या कॅटॅलिना जलविमानास जपानी आरमार दिसलें. जपानी लढाऊ विमानांनीं तें पाडलें. परंतु तत्पूर्वीं त्यानें बिनतारी संदेश धाडला होता. नवांपैकीं तिघे मारले गेले व सहा कैद झाले. दुसऱ्या दिवशीं कोलंबोवर हल्ला आला तेव्हां तेथील लोक अगदींच बेसावध नव्हते.

आपल्या नौदलाचें 'अलीझे' हें याच कर्माचें नाविक विमान होतें. फ्रान्समधील ब्रेगे कंपनीच्या या विमानाचें नांव व्यापारी वाऱ्यांवरून पडलें आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या ३१० व्या नाविक पथकाकडे हीं विमानें होतीं. तीं 'विक्रांत'वरून उडत; पुढें गोव्यांतील दाबोळी हा त्यांचा किनाऱ्यावरील तळ झाला. एक इंजिन, तीन माणसें, व पोटाखालीं उतरवितां येणारें रडार, अशी त्याची रचना. तें रडार लाटांवर पाणबुडीचें चिन्ह शोधी. पाठीमागून येणाऱ्या शत्रूची वार्ता देणें हें त्याचें काम नव्हे. वेग फार झाला तर ताशीं सुमारें ५०० किलोमीटर. टेहळणीच्या वेळीं त्याहून बराच कमी.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनें मुंबईहून निघालेली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ नाविक कामास आले. पाणबुडीचा शोध तत्काळ सुरू झाला. 'विक्रांत' त्या वेळीं बंगालच्या उपसागरांत असल्यानें पश्चिम समुद्रावरील अलीझे विमानें किनाऱ्यावरील तळांवरून उडत होतीं. १० तारखेस त्यांपैकीं एकास पाकिस्तानी एफ-१०४ विमानानें गांठून पाडलें. पाडणारा विंग कमांडर आरिफ इक्बाल. एफ-१०४ चा वेग ताशीं २००० किलोमीटरांहून अधिक. अर्थात् पळून सुटण्याचा वा उलट लढण्याचा प्रश्नच नव्हता. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही व विजयन् हे तिघेहि परतले नाहींत. 'हंगोर' पुढें सुखरूप कराचीस पोहोंचली.

दोनच दिवसांनीं, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर भारतीय मिग-२१ विमानानें एक एफ-१०४ पाडलें. त्याचा वैमानिक मिडलकोट हाहि समुद्रांतच नाहींसा झाला. समुद्रानें उभय पक्षांस सारखेंच वागविलें.

या प्रसंगास कित्येक 'हवाई युद्धांतील पराभव' म्हणतात, तें यथार्थ नव्हे. युद्ध म्हणावयास उभयतांच्या हातीं तुल्य साधन असावें लागतें. येथें एक जण लढावयास आला होता, दुसरा पहावयास गेला होता. आणि आदल्याच रात्रीं एक नौका बुडाली असतां, त्याच समुद्रावर संथ विमानांतून पहावयास जाणें हेंच त्या तिघांचें शौर्य. दीव येथें 'खुकरी'चें स्मारक आहे. तिच्या कथेंत या विमानास बहुधा एखादीच ओळ मिळते. ती ओळ लिहितांना हीं तीन नांवें गळूं नयेत, एवढ्याचसाठीं हें टिपण.