मौनाचा अर्थ आणि धावपट्टीची सुरक्षितता

नियंत्रण-मनोरा नसलेल्या लहान विमानतळावर धावपट्टी कोणी केव्हा वापरावी हे ठरविणारा अधिकारी नसतो. प्रत्येक वैमानिक रेडिओच्या एका सामाईक वारंवारितेवर आपले स्थान व हेतू जाहीर करतो आणि इतरांचे ऐकून आपली चाल ठरवितो. तथापि, अमेरिकेतील अशा बहुतेक विमानतळांवर विमानात रेडिओ असलाच पाहिजे असे बंधन नाही. म्हणजे व्यवस्था बव्हंशी वाणीवर उभी असूनही वाणी तेथे अनिवार्य नाही.

मनोरा असेल तेथे रेडिओ बंद पडला तरी दुसरी चिन्हव्यवस्था हाताशी असते. वैमानिक ७६०० हा संकेतांक प्रक्षेपित करून आपली अडचण कळवितो व मनोऱ्यातून त्यास दिव्याने उत्तर मिळते. आकाशातील विमानास स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्याची अनुज्ञा. स्थिर लाल म्हणजे इतरांस वाट देऊन घिरट्या घालीत राहण्याची आज्ञा. दिवसा वैमानिक पंख हेलकावून पोच देतो. येथे माध्यम बदलते, संवाद तुटत नाही. मनोरा नसेल तेथे मात्र रेडिओ बंद पडलेले विमान आणि मुळात नसलेले विमान यांचे मौन अगदी सारखेच ऐकू येते.

याकोबसन यांनी १९६० साली संज्ञापनाच्या घटकांत 'संपर्क' हा स्वतंत्र घटक मानला, त्याचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे एक प्रवासी बीचक्राफ्ट १९०० विमान धावपट्टी १३ वर उतरत होते. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ०४ वर एक किंग एअर विमान उड्डाणाच्या तयारीत होते व त्याच्या मागे एक लहान चेरोकी विमान थांबले होते. धावपट्टी ०४ वरील विमान थांबणार की उडणार, असे उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले. उत्तर आले ते चेरोकीचे : आपण उड्डाणासाठी थांबलो आहोत. त्या उत्तराचा काही भाग उतरणाऱ्या विमानातीलच स्वयंचलित इशाऱ्याने झाकला गेला. उत्तर किंग एअरचेच आहे असे समजून वैमानिकांनी आभार मानले. किंग एअरने मात्र उड्डाणासाठी धाव घेतली. दोन्ही विमानांची टक्कर होऊन त्यांतील १४ही जण मृत्युमुखी पडले.

किंग एअरच्या वैमानिकांनी सामाईक वारंवारितेकडे लक्ष दिले नाही व आसपास नीट पाहिले नाही, हे चौकशीत अपघाताचे प्रमुख कारण ठरले. चेरोकीचे खंडित उत्तर व त्यातून झालेला गैरसमज हे साहाय्यक कारण. या गैरसमजाचे मूळ संभाषणाच्या एका सर्वसाधारण नियमात आहे. प्रश्नापाठोपाठ येणारी उक्ती हे त्याचे उत्तर, आणि उत्तर देणारा तोच संबोधित, असे आपण गृहीत धरतो. समोरासमोरच्या बोलण्यात चेहरा व आवाजाची दिशा या गृहीताची पडताळणी करतात. रेडिओवर ते काम केवळ नावास करावे लागते. शिवाय प्रश्नातील 'धावपट्टी ०४' ही खूण दोन विमानांना लागू पडत होती.

म्हणूनच प्रत्येक उक्तीत आपले व संबोधिताचे नाव असणे, आणि उत्तरात नाव ऐकू न आल्यास पुन्हा विचारणे, हे औपचारिक शिष्टाचार नसून अर्थनिश्चितीचे आधार होत. नावानिशी मिळालेली संमतीच संमती मानावी. मौनास संमतीचे लक्षण मानणारी आपली जुनी समजूत धावपट्टीवर लागू पडत नाही. तेथे मौनाचा अर्थ शेवटी डोळ्यांनीच ठरवावा लागतो.