लोखंडी फाटक आणि बळाचा प्रयोग

हुबळीच्या तारीहाळपासून धारवाडच्या बेलूरपर्यंत पसरलेल्या औद्योगिक वसाहतींतून जाताना रस्त्यावर आडवी उभी केलेली कुलूपबंद पोलादी फाटके दिसतात, आणि त्यांच्या पत्र्याच्या जाडीवरून व कुलपाच्या आकारावरून त्यांच्या बळाचा अंदाज बांधण्याची आपल्याला सवय झालेली आहे. परंतु फाटके घडविणारे आणि ती फोडणारे, या दोघांचाही अनुभव या अंदाजाला दुजोरा देत नाही.

दरवाजा फुटला की किल्ला पडला, हे कादंबऱ्यांतून दृढ झालेले समीकरण खुद्द धारवाडच्या वेढ्यालाच लागू पडत नाही. टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणींसह सप्टेंबर 1790 मध्ये आरंभिलेला हा वेढा एप्रिल 1791 पर्यंत रेंगाळला, आणि त्या अवधीत वेढेकऱ्यांचा सारा रोख दरवाजापेक्षा तटावर व खंदकावर राहिला. फेब्रुवारीतील हल्ला फसला. खंदक बुजविण्यासाठी टाकलेल्या मोळ्या किल्लेकऱ्यांनी पेटवून दिल्या. एक बार काढल्यावर मराठी गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत, धूम्रपान करीत बसतात, अशी तक्रार लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर याने लिहून ठेवली आहे. तीत गोऱ्या अधिकाऱ्याचा तोरा असेल, पण दारूगोळ्याची टंचाईही खरी होती. शेवटी किल्लेदार बद्रुज्जमान खानाने किल्ला खाली केला तो तहाच्या अटींवर.

दरवाजावर प्रत्यक्ष बळाचा प्रयोग झाला तो त्याच युद्धात, 7 मार्च 1791 रोजी, बंगळूरच्या पेठेत. बाहेरचा दरवाजा लवकर मोडला. परंतु आतला भक्कम केलेला असल्यामुळे जवळून तोफा डागूनही तो कोसळेना, तोफखान्याचा लेफ्टनंट कर्नल मूरहाऊस तेथेच गोळ्या लागून पडला, आणि अखेर जे भगदाड पडले ते इतके लहान की एका ठेंगण्या लेफ्टनंटाला त्यातून आत सारावे लागले, तेव्हा कुठे बाकीच्यांना वाट मिळाली. फळीला भोक पडणे वेगळे आणि दरवाजा खाली येणे वेगळे. तो खाली येतो तो अडसर व बिजागऱ्या सुटल्यावर.

पोलादी फाटकाचेही असेच आहे. जाड पत्रा चढविल्याने झडप जड होते, वाऱ्याचा दाब वाढतो, वरची बिजागरी खांबाला ओढीत राहते, आणि खांबाखालचे काँक्रीट उथळ असेल तर काही पावसाळ्यांनंतर झडप झुकून कडी कोयंड्याशी जुळेनाशी होते. कुलूप बोरॉनमिश्रित कठीण पोलादाचे असले तरी ते ज्यात अडकते तो कोयंडा बहुधा साध्या लोखंडाचा, दोन-तीन टाक्यांवर जोडलेला असतो, म्हणजे हत्तीला सुतळीने बांधल्यासारखेच. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वरच्या दिशेला असल्या, तर कुलपाला हातही न लावता झडप उचलून काढता येते. म्हणून जाणता लोहार वरची बिजागरी उलटी बसवितो. एवढी साधी गोष्ट लोक महाग कुलूप घेताना विसरतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

वाहनाची धडक हा तर निराळाच हिशेब आहे. 1,500 किलोची मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने आली तर तिच्यात सुमारे 145 किलोजूल ऊर्जा असते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. अमेरिकेच्या एएसटीएम मानकातील एका कठोर चाचणीत 6,800 किलोचा ट्रक ताशी 80 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून तो आत किती शिरला हे मोजतात. सामान्य फाटक असल्या आघातासाठी बांधलेलेच नसते. म्हणून शहाणे योजनाकार फाटकापूर्वीच रस्त्याला वळण देतात, जसे आपले दुर्गरचनाकार हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून दरवाजापुढची वाट वळवीत.

नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीत असल्यामुळे रेल्वेफाटकाविषयीचा गैरसमजही येथेच दूर करावा. त्याचा आडवा दांडा वाहन थोपविण्याइतका मजबूत नसतो. वाहनाच्या धडकेने तो मोडला तर तात्पुरता सरकता दांडा लावून मार्ग बंद करता यावा, अशी सोय ठेवलेली असते. सिग्नलशी जोडलेल्या फाटकाची खरी मदार कुलूप आणि सिग्नल यांच्या परस्परबंधनावर असते, कारण फाटक बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही. उरलेले काम कायद्याकडे आहे: 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम 160 अन्वये बंद फाटक अनधिकाराने उघडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.