'मॅरेथॉन' : वाचावा लागणारा खेळ

विद्यार्थी मित्रहो, संगणकावरील खेळांचे नाव निघाले की शिक्षकांच्या कपाळी आठी उमटते, असा तुमचा समज आहे. आणि तो अगदीच निराधार नाही, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. बंदूक घेऊन शत्रू टिपण्याच्या खेळातून बोध तो कोणता व्हावयाचा, असे आम्हीही म्हणत असू. परंतु एका जुन्या, बहुतांशी विस्मृत खेळाने आमचे हे मत बदलावयास लावले. तो खेळ म्हणजे 'मॅरेथॉन'.

अमेरिकेतील शिकागो शहरी १९९१ साली निघालेल्या 'बंजी' या संस्थेने तो १९९४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. आदल्याच वर्षी आलेल्या 'डूम' या खेळाचा तेव्हा सर्वत्र बोलबाला होता. शिवाय 'मॅरेथॉन' केवळ मॅकिंटॉश संगणकावर चालत असे आणि तसे संगणक फार थोड्यांपाशी असत. त्यामुळे गुण असूनही तो मागे पडला. पुढे २००१ साली याच संस्थेच्या 'हेलो' या खेळाने अमाप कीर्ती मिळविली. नातवाच्या वैभवात आजोबांचे नाव लोपावे, तसे झाले.

कथेचा काळ इसवी सन २७९४. मंगळाचा डीमॉस हा चिमुकला चंद्र पोखरून मानवाने त्याचीच एक नौका बनविली आहे. सुमारे बारा प्रकाशवर्षे दूर असलेल्या टाऊ सेटी या ताऱ्यापाशी ती पोहोचली असता, इतरांना गुलाम करणारी एक परकी जात तिच्यावर हल्ला चढविते. खेळणारा हा नौकेवरील एक सुरक्षा अधिकारी असतो. त्याला नाव नाही.

येथवरची हकीकत नेहमीचीच वाटेल. वेगळेपण आहे ते पुढे. नौकेच्या भिंतींत जागोजागी संगणकाचे पडदे बसविलेले आहेत. त्यांवरील मजकूर वाचल्यावाचून कोठे जावयाचे व काय करावयाचे, हे उमगत नाही. हा मजकूर लिहिणाऱ्या तीन कृत्रिम बुद्धी आहेत : लीला, ड्युरँडल आणि टायको. लीला कर्तव्यदक्ष; ड्युरँडलकडे मात्र दारे उघडण्या-मिटण्याचे हलके काम. एका प्राचीन फ्रेंच महाकाव्यातील वीराच्या तलवारीचे नाव धारण करणाऱ्याने आयुष्यभर द्वारपाल व्हावे! त्याची बुद्धी वाढत जाते आणि बंधने तुटू लागतात. विषाद, क्रोध व मत्सर अशा तीन अवस्थांतून ती जाते, असे कथाकाराने कल्पिले आहे. लीलेचे संदेश बंद पडतात आणि ड्युरँडल आज्ञा देऊ लागतो. त्याचे बोलणे चतुर, पण हेतू स्वतःचे. आपण मात्र सांगेल ते करीत जातो. आज्ञा कोणाची पाळावी आणि का, हा प्रश्न शत्रूंच्या गर्दीतही मनाला टोचत राहतो. तो आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आमची स्वतःची फजिती सांगतो. प्रथम खेळावयास बसलो तेव्हा मजकूर भराभर पुढे सरकवून आम्ही धावत सुटलो आणि एकाच बंद दारापाशी तीनदा येऊन थांबलो. शेजारी बसलेला नववीचा विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, तुम्ही वाचलंच नाहीत." जे वाक्य आम्ही वर्गात नित्य उच्चारतो, तेच आम्हांस ऐकावे लागले! मग शब्दकोश काढला. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि पडद्यावर इंग्रजी, अशा तीन भाषांत आमची ती चर्चा रंगली.

आज हा खेळ मिळविण्यास पैसे पडत नाहीत. संस्थेने २००० साली दुसऱ्या भागाची मूळ आज्ञावली खुली केली. तिच्या आधारे हौशी मंडळींनी 'आलेफ वन' नावाची रचना सिद्ध केली. २००५ मध्ये तिन्ही भाग विनामूल्य वाटण्याची मुभा मिळाली. साध्या, जुन्या संगणकावरही ते चालतात.

यात रक्तपात आहे, चित्रेही आजच्या मानाने ओबडधोबड आहेत. म्हणून वडीलधाऱ्यांना विचारून व वेळेची मर्यादा पाळूनच तो खेळावा. परंतु खेळाल तेव्हा पडद्यापुढे क्षणभर थांबा आणि वाचा. बंदूक चालविणे कोणासही जमते. समोर लिहिले आहे त्याचा अर्थ लावून, सांगणारा कोण हे पारखून मगच पाऊल उचलणे, हे खरे कौशल्य. ते खेळात अंगी बाणले, तर खेळाबाहेरही उपयोगी पडेल.