स्किलाचीचे बावीस महिने

इटलीसाठी सामने १६, गोल ७. साल्वातोरे ऊर्फ टोटो स्किलाचीच्या खात्यावर एवढंच जमा आहे. सातांपैकी सहा गोल १९९०च्या वर्ल्डकपमधल्या चार आठवड्यांतले. सातवा पुढच्या वर्षी नॉर्वेविरुद्धचा, आणि तो सामना इटली हरली. हा हिशेब पाहून फुटबॉलवाल्यांनी त्याला ‘एका महिन्याचा राजा’ ठरवून टाकलं. आपल्याकडे दूरदर्शनसमोर रात्री जागून ज्यांनी ती स्पर्धा पाहिली, त्यांनाही आठवतात ते गोल झाल्यावरचे त्याचे विस्फारलेले डोळे. मला हा शिक्का अर्धाच मान्य आहे. तो महिना आकाशातून पडला नव्हता; १९८८च्या शरदापासून हा माणूस सतत गोल करत होता, फक्त तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

स्किलाचीचा जन्म १९६४चा, सिसिलीतल्या पालेर्मोचा. शहराच्या कडेला असलेल्या सरकारी घरांच्या गरीब वस्तीत तो वाढला. शाळेत फारसा रमला नाही, टायरच्या दुकानात कामाला लागला आणि शहर बससेवेच्या ‘आमात’ संघातून खेळू लागला. गावचा मोठा क्लब पालेर्मो. पण त्याला उचललं सिसिलीच्याच दुसऱ्या टोकाच्या मेसिनाने, १९८२मध्ये. तिथे तो सात वर्षं राहिला. संघ सर्वांत खालच्या व्यावसायिक विभागातून दुसऱ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे सेरी बीपर्यंत चढला. सेरी बीत चढताना प्रशिक्षक होता फ्रांको स्कोलियो, सिसिलीजवळच्याच लिपारी बेटावरचा, विक्षिप्त आणि हुशार. त्याच्यानंतर १९८८मध्ये आला झेडेनेक झेमान. झेमानचा खेळ म्हणजे सारखं पुढे, सारखं धावत. बचावाचं काय होईल ते होवो. अशा संघात गोलसमोर दबा धरून बसणाऱ्याची चंगळ असते. त्या हंगामात स्किलाचीने २३ गोल केले आणि सेरी बीमध्ये पहिला आला.

वय तेव्हा चोवीस. पहिल्या श्रेणीत एकही सामना न खेळलेल्या या पोराला १९८९मध्ये थेट युव्हेंटसने घेतलं. युव्हेंटस म्हणजे तोरिनो शहर, तिथले फियाटचे कारखाने आणि आन्येल्ली घराणं. त्या कारखान्यांत पोटासाठी दक्षिणेतून आलेल्या मजुरांच्या पिढ्या खपल्या होत्या आणि उत्तरेत त्यांच्या वाट्याला हेटाळणीही भरपूर आली होती. स्किलाचीची सिसिलियन बोली मैदानाबाहेर थट्टेचा विषय झाली. प्रतिस्पर्ध्यांचे पाठीराखे त्याला टायरचोर म्हणून गाणी म्हणत. त्याने पहिल्याच हंगामात लीगमध्ये १५ गोल केले. प्रशिक्षक दिनो झोफच्या त्या संघाने इटालियन चषक आणि युएफा चषक, दोन्ही जिंकले.

राष्ट्रीय प्रशिक्षक अझेल्यो विचिनीने त्याला पहिल्यांदा खेळवलं ते मार्च १९९०मध्ये, बाझलला स्वित्झर्लंडविरुद्ध. वर्ल्डकप दोन-सव्वादोन महिन्यांवर आला होता. आघाडीला व्हियाली आणि कार्नेव्हाले ठरलेले. बाकावर बाज्यो, मान्चिनी, सेरेना. त्या रांगेत १९ नंबरचा स्किलाची म्हणजे बहुधा पर्यटक.

९ जूनला रोममध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध इटलीने असंख्य संधी दवडल्या. सव्वा तासाच्या सुमारास कार्नेव्हालेच्या जागी स्किलाची आला. काही मिनिटांतच व्हियालीने उजवीकडून चेंडू उचलून टाकला; दोन धिप्पाड बचावपटूंच्या मधून या बुटक्याने डोकं लावलं आणि इटली १-० जिंकली. पुढच्या, अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात कार्नेव्हालेला पुन्हा बाहेर बोलावलं, तेव्हा त्याने चिडून प्रशिक्षकाच्या दिशेने शिव्या हासडल्या. त्याचा वर्ल्डकप तिथेच संपला. तिसऱ्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियापुढे सुरुवातीपासून स्किलाची आणि बाज्यो उतरले, दोघांनी एकेक गोल केला. बाज्योचा गोल आजही फिरफिरून दाखवतात, स्किलाचीचा कुणी दाखवत नाही. तो जमिनीवर आपटून उसळलेल्या चेंडूला हेडरने दिलेला धक्का होता, त्यात दाखवण्यासारखं काय?

पण त्याचं सगळं कसब तिथेच होतं. आयर्लंडविरुद्धचा गोल नीट पाहा. डोनाडोनी लांबून फटका मारतो. सगळे चेंडूकडे बघतात. स्किलाची मात्र फटका बसायच्या आधीच डावीकडे सरकलेला असतो, चेंडू सुटला तर कुठे जाईल त्या जागी. गोलरक्षक बॉनर दोन्ही हातांनी चेंडू ढकलतो आणि तोल जाऊन कोलमडतो. चेंडू स्किलाचीकडे येतो तेव्हा कोन तिरका आहे, वेळ नाही. तो थांबवत नाही, सरळ दूरच्या कोपऱ्यात सरपटी मारतो. ३८वं मिनिट, १-०. त्याआधी उरुग्वेविरुद्ध त्याने लांबून जबरदस्त गोल मारला होता, पण खरा स्किलाची हा असा, दुसऱ्याच्या उरलेल्यावर जगणारा.

उपांत्य सामना अर्जेंटिनाविरुद्ध, नेपल्समध्ये, म्हणजे तिथल्याच क्लबकडून खेळणाऱ्या माराडोनाच्या घरी. त्याने नेपल्सवाल्यांना जाहीरपणे विचारलं होतं की, वर्षभर तुम्हाला हिणवणाऱ्या इटलीसाठी आज का ओरडता? त्या मैदानावर पहिला गोल केला तो दक्षिणेच्याच पोराने, तोही गोलरक्षकाकडून सुटलेल्या चेंडूवर. मग कानिज्जियाने बरोबरी साधली. इटलीचा गोलरक्षक वॉल्टर झेंगाने त्या स्पर्धेत ५१७ मिनिटांनंतर खाल्लेला तो पहिला गोल. पेनल्टी शूटआऊटमध्ये इटली हरली. स्किलाचीने पेनल्टी मारली नाही. मारली असती तर काय, यावर इटलीत अजून वाद घालता येतो.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात, बारीला, इंग्लंडविरुद्ध पेनल्टी मिळाली. ती बाज्यो मारू शकला असता. त्याने चेंडू स्किलाचीला दिला. त्या सहाव्या गोलामुळे चेकोस्लोव्हाकियाचा पाच गोलांचा स्कुहरावी मागे पडला आणि सर्वाधिक गोलांचा मान एकट्या स्किलाचीचा झाला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. वर्षअखेरीच्या ‘बालों द’ओर’मध्ये मातेउसपाठोपाठ दुसरा.

त्यानंतरची घसरण झटपट झाली. झोफ गेला, मायफ्रेदी आला, बाज्योही युव्हेंटसमध्ये आला, आणि स्किलाचीचे लीगमधले गोल पाचवर आले. बोलोन्याच्या एका खेळाडूला त्याने गोळी घालायला लावण्याची धमकी दिली. सिसिलीच्या माणसाने असं बोलायचं म्हणजे वृत्तपत्रांना महिनाभराचं खाद्य. १९९२मध्ये इंटरला गेला. तिथे दुखापतींनी छळलं. त्याच्या उणिवा तेव्हाच दिसल्या, हेही सांगायला हवं. संघ संधी निर्माण करत असेल तर तो गोल करायचा. संधीच नसेल तर तो स्वतः काही घडवणारा नव्हता.

१९९४मध्ये तो जपानला गेला, जुबिलो इवाताकडे. जे-लीगमध्ये खेळणारा पहिला इटालियन. तिथे लीगच्या ७८ सामन्यांत त्याने ५६ गोल केले. त्या लीगचा दर्जा कमी होता, हे खरं. पण तिशीत, पाय थकलेले असताना, इतके गोल नुसत्या नशिबावर होत नाहीत.

खेळ सोडल्यावर तो पालेर्मोला परतला आणि मुलांसाठी फुटबॉल शाळा चालवली. १८ सप्टेंबर २०२४ला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला, तेव्हा वय ५९. अंत्यदर्शनासाठी त्याला पालेर्मोच्या रेंझो बार्बेरा स्टेडियममध्ये ठेवलं होतं. पालेर्मो क्लबकडून तो आयुष्यात एकदाही खेळला नाही. १९९०च्या वर्ल्डकपचे तीन सामने त्या मैदानावर झाले होते. इटलीचा त्यात एकही नव्हता.