धातूच्या पत्र्यावरील छायाचित्रें

लांकडी चौकट, तिच्या आंत कांच आणि कांचेच्या आंत कागदी छायाचित्र, ही दिवाणखान्यांतील व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. कोंकणपट्टींत आणि मुंबईसारख्या दमट शहरांत मात्र तिची दशा काय होते, हें घर सांभाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. चार पावसाळे गेले कीं कांचेच्या आंतून बुरशीचे ठिपके उमटतात, कसर कागदाचे कांठ खाते, आणि कित्येकदां छायाचित्राचा थर कांचेलाच असा चिकटून बसतो कीं, चौकट उघडतांना आजोबांचा अर्धा चेहरा कांचेबरोबर निघून येतो. हल्लीं कांच व कागद हीं दोन्ही वगळून छायाचित्र थेट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवून मिळतें. त्याचें आकर्षण वाटतें तें प्रथम याच कारणामुळें. परंतु कोणतें छायाचित्र पत्र्यावर घ्यावें, पत्रा कोणत्या जातीचा असावा आणि तो कोणत्या भिंतीवर टांगावा, याचा विचार न करतां दिलेली मागणी पुष्कळदां पदरांत निराशाच टाकते.

छायाचित्र आणि धातु यांचा संबंध नवा नाहीं. किंबहुना कागदाच्या आधींचा मान धातूचाच आहे. फ्रान्समध्यें निसेफोर निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणाऱ्या छपरांचें जें दृश्य टिपलें, तें कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर. पुढें १८३९ सालीं लुई दागेर याची जी कृति जगापुढें आली, तींत तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन तो आरशासारखा घांसलेला असे. हीं चित्रें अतिशय रेखीव. पण तीं समोरून पाहूं गेल्यास पाहणाऱ्यास स्वतःचेंच तोंड दिसे, आणि पत्रा किंचित् कलता धरल्यावांचून चित्र प्रकट होत नसे. शिवाय बोट लागलें कीं तें पुसलेंच म्हणून समजावें. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हां दागेरच्या पद्धतीचे दिवस भरत आले होते, आणि कागद व कांच यांनीं तिची जागा घेण्यास आरंभ केला होता. आजच्या पत्र्यावरील चित्राला बोटाचें भय उरलेलें नाहीं. आरशाचा गुण मात्र त्यानें पुरता सोडलेला नाहीं.

आजची कृति समजण्यास देवघरांतील कापूर पुरेसा आहे. कापूर उघडा ठेवला तर तो वितळल्यावांचूनच हवेंत उडून जातो. घनरूपांतून एकदम वायुरूपांत जाण्याच्या या क्रियेस संप्लवन म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पॉलिएस्टर जातीच्या द्रव्याचा पातळ व कठीण थर आधींच चढविलेला असतो. छायाचित्र अशाच उडून जाणाऱ्या रंगांनीं एका कागदावर उलटें छापतात, तो कागद पत्र्यावर पालथा घालतात आणि तापलेल्या दाबयंत्रांत सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेवर थोडा वेळ दाबून धरतात. उष्णतेनें रंगांची वाफ होते, ती मऊ झालेल्या थरांत शिरते, आणि पत्रा निवला कीं तेथेंच कोंडली जाते. म्हणजे रंग पत्र्याच्या अंगावर बसलेला नसून थराच्या पोटांत मुरलेला असतो. ओल्या फडक्यानें पुसलें तरी तो जात नाहीं, आणि कसरीला खाण्यासारखें तेथें कांहींच नसतें.

या कृतींत पांढरा रंग मात्र नाहीं, आणि निवडीचें बहुतेक मर्म या एका गोष्टींत आहे. कागदी छायाचित्रांत जो पांढरा भाग दिसतो तो वस्तुतः कागदच होय. रंग तेथें पडलेलाच नसतो. तीच गोष्ट पत्र्याची. मग चित्रांतील पांढऱ्या जागीं काय दिसावें? पत्रे दोन जातींचे मिळतात. एका जातींत वरच्या थराखालीं पांढरा लेप दिलेला असतो. दुसरींत तो नसतो आणि उघडी धातु पारदर्शक थरांतून चमकते. दुकानांत नमुना पाहतांना ही दुसरी जात मन ओढून घेते, यांत नवल नाहीं. उन्हांत लकाकणारा समुद्र, पावसानें भिजलेला घाटांतील रस्ता, घांसलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं, रात्रीच्या वेळचे शहरांतील दिवे, अशा विषयांना ती खरोखरच शोभते. परंतु माणसांच्या चेहऱ्यांना ती सोसत नाहीं. आजोबांचें धोतर आणि फेटा जस्ताच्या रंगाचे दिसूं लागतात, कपाळावरील उजेड राखी होतो, आणि गालांवर धातूची एक थंड झांक येते. लग्नाच्या छायाचित्रांत पैठणीची जर तेवढी खुलते, पण तिच्यासाठीं नवऱ्यामुलीचा चेहरा खर्ची घालणें शहाणपणाचें नव्हे. जुनीं कृष्णधवल छायाचित्रें आणि कुटुंबांतील माणसांचीं चित्रें पांढऱ्या लेपाच्या पत्र्यावरच घ्यावींत.

दुसरा प्रश्न चकाकीचा. चकचकीत पृष्ठावर रंग गडद व खोल दिसतात, काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण समोर खिडकी असेल तर दिवसभर खिडकीच दिसते. निस्तेज पृष्ठ प्रतिबिंब दाखवीत नाहीं, मात्र त्याच्यावरील काळ्या रंगाला थोडी राखाडी छटा येते. या दोहोंच्या मधली, रेशमी म्हणतां येईल अशी एक जात असते, आणि सामान्य घरांतील दिवाणखान्यास तीच बहुधा योग्य ठरते. निर्णय करण्याची सोपी युक्ति अशी: जेथें चित्र लावावयाचें तेथें एक आरसा धरून, नेहमीं बसावयाच्या जागेवरून, एकदां सकाळीं आणि एकदां दिवे लागल्यावर पाहावें. आरशांत जी खिडकी किंवा जो दिवा दिसेल, तोच चकचकीत पत्र्यावर दिसणार. उन्हाचा कवडसा थेट पडणारी भिंत मात्र तिन्ही जातींना वर्ज्य. जाहिरातींत ‘अक्षय’ हा शब्द सढळ हातानें वापरलेला आढळतो. तो पत्र्याला कदाचित् लागूं पडेल, रंगाला पडत नाहीं. प्रखर उन्हांत हे रंगही फिके पडतात.

आकाराविषयीं थोडेंच सांगावयाचें. जवळून पाहावयाच्या चित्रास इंचास २०० ठिपके तरी असावे. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचें मूळ छायाचित्र त्या हिशेबानें २० इंच रुंद व १५ इंच उंच होऊं शकतें. तेंच मोबाईलवरून या हातांतून त्या हातांत फिरतां फिरतां १६०० गुणिले १२०० ठिपक्यांवर आलें असेल, तर ८ गुणिले ६ इंचांपलीकडे ताणूं नये. नातेवाइकांकडून छायाचित्र मागवावयाचें तें मूळ स्वरूपांतच मागवावें.

नांव एकच असलें तरी माल एकच असतो असें नाहीं. दुकानांच्या पाट्यांसाठीं वापरतात तो, दोन पातळ पत्र्यांमध्यें प्लास्टिक भरलेला फळा घेऊन त्याच्यावर छापील कागद किंवा पापुद्रा चिकटविला, तरी त्यासही धातूवरील चित्रच म्हणतां येतें. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण तो पापुद्रा कांठांकडून सुटूं शकतो, आणि किंमत तशीच कमी असावयास हवी. रंग थरांत मुरविला आहे कीं वर बसविला आहे, हा एक प्रश्न विचारला म्हणजे पुरे.

एक मिलिमीटर जाडीच्या, ३० गुणिले ४५ सेंटिमीटरांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें वजन सुमारें ३६५ ग्रॅम भरतें. त्याच आकाराची दोन मिलिमीटरची नुसती कांच त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. त्यामुळें खिळ्यावर भार कमी पडतो. मात्र पाठीमागचा आंकडा नुसता चिकटविलेला असेल तर दमट हवेंत त्याच्यावर विसंबूं नये. आंकडा व स्क्रू लोखंडी असल्यास समुद्राकांठच्या घरांत पत्रा निर्मळ राहतो आणि गंजाचा ओघळ भिंतीवर उतरतो; ते न गंजणाऱ्या पोलादाचे मागून घ्यावे. पत्रा हातांतून पडला तर फुटत नाहीं, पण त्याचा कोपरा दुमडतो, आणि दुमडलेला कोपरा पूर्ववत् होत नाहीं.

दिवंगतांच्या चित्रांविषयीं अधिक सावध राहावयास पाहिजे. आपल्याकडे त्यांस हार घालतात, गंध लावतात. चौकटींतील चित्राच्या बाबतींत तो सारा भार कांच सोसते; तिच्यावर ओरखडा पडला तर दहा मिनिटांत दुसरी कांच बसते. पत्र्यावर चित्र आणि पृष्ठ एकच असल्यामुळें हाराच्या तारेचा ओरखडा तो थेट चेहऱ्यावरच. अशा चित्रास एक तर चौकट करून घ्यावी, नाहीं तर हार वेगळ्या खुंटीवरून असा सोडावा कीं, तो पृष्ठास लागणार नाहीं.

आणि पत्र्यावरील प्रत आली म्हणून मूळ कागदी छायाचित्र टाकून देण्याचा मोह कोणास होऊं नये. जुन्या छायाचित्राच्या पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का असतो, कोणीतरी शाईनें लिहिलेलीं नांवें असतात, क्वचित् गांव आणि तिथीही असते. पत्र्याच्या पाठीवर यांतलें कांहींच येत नाहीं. म्हणून नक्कल करून घेतांना पुढच्या बाजूबरोबर मागच्या बाजूचीही घ्यावी, आणि त्यावरील नांवें एका चिठ्ठीवर उतरून ती पत्र्याच्या पाठीस लावावी. मूळ प्रत आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून आंतल्या खोलींतील कोरड्या कपाटांत ठेवावी. माळ्यावर नव्हे, कारण उन्हाळ्याचा ताप आणि पावसाळ्याची ओल घरांत सर्वांत आधीं तेथेंच पोंचते.